फळीवरची पहिली डबी

१

पोटची पोर इस्पितळात डोळा धरून पडली असताना भांडी घासायला घरी परतणारी आई मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. माझ्या सुनेने तेही दाखवलं. सकाळी नऊला आम्ही पोरीला घेऊन धावलो. दहाला मी मागे वळून बघते तर ही बाई जागेवर नाही. कुणाला सांगितलं नाही, विचारलं नाही. साडेदहाला मी घरी पोचले, तर मागच्या मोरीत उकिडवी बसून वाटी घासत होती. एकच वाटी. सकाळची कपबशी तशीच, फुटलेली काच तशीच, आणि हिचा सगळा जोर त्या एका वाटीवर.

"अगं, तिकडे तुझी मुलगी डोळ्याला पट्टी बांधून पडलीय," मी म्हटलं.

"निघालेच, आई," ती म्हणाली. मान काही वर केली नाही.

घडलं ते असं. घराच्या मागच्या दोन खोल्यांना आम्ही कारखाना म्हणतो. तिथे तोंडाला लावायची मलई बनते, आणि ती विकली जाते ती माझ्या अर्कामुळे. हिरवा चहा उकळायचा, गाळायचा, साखर घालून गार करायचा, काचेच्या मोठ्या बरणीत ओतायचा आणि वर आधीच्या घाण्यातली जाड साय सोडायची. ती साय म्हणजे माझं विरजण. फडकं बांधून ठेवलं की चहा हळूहळू आंबतो. नेमका आंबला तर कातडीला मऊपणा आणणारा अर्क, कमी आंबला तर नुसतं पाणी, जास्त आंबला तर व्हिनेगर. तीस वर्षं हे विरजण मी मुलांपेक्षा जास्त जपलं. त्याने मला उलट उत्तर तरी दिलं नाही.

आणि माझा एक नियम आहे. नव्या घाण्याची पहिली डबी माझ्या खोलीतल्या फळीवर यायची. दुसऱ्या दिवशी अंघोळ झाली की ती मी माझ्या गालाला लावायची. संध्याकाळपर्यंत गाल शांत राहिला तरच बाकीचा माल बाहेर. जे माझ्या तोंडाला लागलं नाही ते लोकांच्या तोंडाला जायचं नाही. हे घरातल्या भिंतींनाही पाठ आहे.

आज मी अंघोळीला गेले तेव्हा डबी फळीवर होती. माझ्या नातीला मुलाखतीला जायचं होतं. पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून तिला सगळे भिंगरीच म्हणतात. एकोणीस वर्षांची पोर, पण आरशात डोळ्याखाली काळं दिसलं की जग बुडालं. तिने माझी डबी उचलली. विचारून घेणं तिला कुणी शिकवलेलं नाही.

तिची किंकाळी मी पाण्याच्या आवाजातूनही ऐकली. ओलेती बाहेर आले तर ती बेसिनवर वाकून तोंडावर पाणी मारत होती, डबी फुटून खाली पडली होती, आणि डाव्या डोळ्याखालची कातडी पांढरी होऊन उकलत चालली होती. डोळ्यातही गेलं होतं.

इस्पितळाच्या बाकावर बसले तेव्हा कुठे माझं डोकं चालू झालं. फळी माझी. डबी माझी. त्यातली बोटभर मलई जायची होती ती माझ्या गालावर.

२

आणखी एक गोष्ट मी बाकावर कुणाला बोलले नाही.

आमच्या न्हाणीघराच्या दाराखाली दोन बोटं फट आहे. किंकाळीच्या जरा आधी त्या फटीत दोन पावलांची सावली दिसली. कुणीतरी दाराला लागून उभं होतं.

"कोण आहे?" मी विचारलं.

सावली हलली नाही. मी तांब्या हातात धरून तशीच उभी राहिले. माझ्या स्वतःच्या घरात, भर सकाळी, अंगावर वस्त्र नाही, आणि दारापलीकडे श्वास रोखून उभं असलेलं माणूस. मग भिंगरी ओरडली आणि सावली पळाली.

आता मला वाटू लागलं की मी कधी बाहेर येते आणि तोंडाला काय लावते, हेच बघायला ते माणूस थांबलं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंनी मला आत बोलावलं. बाई वयाने माझ्या मुलीसारख्या, पण आवाज शाळेतल्या बाईंचा.

"आजी, डोळा आम्ही धुतला. आता मला एकच सांगा. त्यात आंबट काही होतं की क्षार?"

"फरक पडतो?"

"फार पडतो. आंबटाने जेवढं जाळायचं तेवढं जाळून झालं. क्षार असेल तर तो आत मुरत जातो. वरून धुतलं की ठीक दिसतं, तासाभराने पुन्हा बाहेर येतो. मग पुन्हा पुन्हा धुवावं लागतं, नाहीतर डोळा हातचा जातो. तुमच्या केमिस्टचा फोन आला होता. ते म्हणतात अर्क फारच आंबट होता, पीएच तीनच्याही खाली. मग मी धुणं थांबवते. पण तुमची खात्री आहे का?"

खात्री. आता सांगून टाकते, कारण लपवण्यात काही राम उरलेला नाही. माझं नाक दोन वर्षांपूर्वी गेलं. मोठा ताप आला, उतरला, आणि जाताना वास घेऊन गेला. फोडणी करपली तरी मला कळत नाही. पण बरणीवर नाक ठेवून "झालं" म्हणणारी म्हणून माझा या घरात मान. मी बरणीवर तशीच वाकत राहिले, डोळे मिटून लांब श्वास घेत राहिले, आणि मनात दिवस मोजून "झालं" म्हणत राहिले. कुणाच्या लक्षात आलं नाही, अशी माझी समजूत.

म्हणजे पोरीचा डोळा माझ्या खोट्या नाकाने गेला की काय?

"घरी जाऊन बघते," मी म्हटलं. "तोवर धुणं थांबवू नका."

"तासभर. त्याहून जास्त मला उगाच धुवायचं नाही, त्यानेही त्रास होतो."

भिंगरीचा बाप, माझा थोरला, तिच्या उशाशी बसला. मी उठले. आणि घरी आले तेव्हा सून वाटी घासत होती.

३

बेसिनखालची काच मी हाताने वेचली. एका तुकड्याला मलई चिकटली होती. ती मी उजेडात धरली.

आमची मलई कशी, वाळक्या गवताच्या रंगाची, फिकट. ही गंजलेल्या खिळ्यासारखी तांबूस काळपट होती.

मी तिसरीतून शाळा सोडली. पण चहा आयुष्यभर पाहिलाय. चहात लिंबू पिळलं की काय होतं? रंग उडतो. काळा चहा सोनेरी होतो. चिमूटभर सोडा पडला तर उलट, रक्तासारखा गडद होतो. आंबटाने चहा फिका होतो, सोड्याने काळा. माझं विरजण कितीही आंबलं असतं तरी मलई पांढरटच झाली असती.

स्वयंपाकघरातून लिंबाची फोड आणली आणि त्या काचेवर दोन थेंब पिळले. डोळ्यांसमोर रंग उतरला. पुरता नाही, पण उतरला.

तेलकट पातेली धुवायला कारखान्यात कॉस्टिक सोड्याचा डबा असतो, उंच कपाटावर, हातमोज्यांशिवाय कुणी शिवत नाही. मी फोनकडे धावले. माझ्या वयाला धावणं शोभत नाही, पण धावले.

"बाई, आंबट नाही. कॉस्टिक आहे. धूत राहा."

"केमिस्ट तर—"

"केमिस्टला मी बघते. तुम्ही डोळा बघा."

फोन ठेवला आणि तिथेच स्टुलावर बसले. नाक निर्दोष ठरलं, म्हणून बरं वाटायला हवं होतं. पण विरजण आपोआप आंबतं, सोडा आपोआप पडत नाही. तो टाकायला हात लागतो. तो हात याच घरातला होता, आणि बाहेर मोरीत वाटीचा आवाज चालूच होता, खर्र, खर्र, खर्र.

४

धाकटा मुलगा पुढच्या खोलीत फोनवर कुजबुजत होता. मला बघून फोन खिशात घातला.

"कुणाशी बोलत होतास?"

"कुणाशी नाही. गिऱ्हाईक."

"कुणाशी नाही की गिऱ्हाईक? दोन्ही एकदम कसं असेल?"

हा माझा धाकटा माल विकतो. जीभ मधाची, पोट काचेचं. खोटं बोलला की आतलं सगळं दिसतं. विरजणासकट कृती एका मोठ्या कंपनीला विकून टाक, म्हणून वर्षभर माझ्यामागे लागलाय. मी गेले की त्याला अडवणारं कुणी नाही. पोटच्या पोराकडे बघताना पहिल्यांदाच मी दारापासून किती पावलांवर उभी आहे ते मोजलं.

"मालाच्या कपाटाची किल्ली दे."

"आई, तू आधी बस. पाणी घे."

"तू दिलेलं पाणी मी आज पिणार नाही. किल्ली."

त्याचा चेहरा पडला. मला वाटलं तसा रागाने नाही, ज्याच्यावर स्वतःची आई संशय घेते त्याचा पडेल तसा. किल्ली दिली त्याने.

कपाटात छत्तीस डब्या रांगेत होत्या. एक उघडली. काळपट. दुसरी, दहावी, शेवटची. सगळ्या गंजाच्या रंगाच्या.

मी कपाटाला टेकून उभी राहिले. मला मारायचं असतं तर फळीवरच्या एका डबीत सोडा घातला की काम झालं असतं. छत्तीस डब्या कोण नासवेल? म्हणजे सोडा डबीत नाही, पातेल्यात पडला, अर्क मलईत मिसळण्याआधीच. मग हे माझ्या जिवावर उठलेल्या माणसाचं काम नव्हतं.

पण भीती गेली नाही, फक्त तिने तोंड फिरवलं. कारण घाणा चाळीस डब्यांचा होता. एक फुटली. छत्तीस इथे.

"तीन कुठे आहेत?" मी धाकट्याला विचारलं.

तो भिंतीला टेकला. "कालच नेऊन दिल्या, आई. पार्लरवालीला. ती घाई करत होती, आणि तुझा गाल आजवर कधी बिघडलाय? सकाळपासून तेच फोन करतोय. दोन परत आल्या. तिसरी तिने आपल्या बहिणीला दिलीय, ती फोन उचलत नाही."

"मग इथे काय उभा आहेस? जा. दार फोड, पण डबी आण."

तो चप्पल न घालता गेला.

५

केमिस्ट कारखान्यात खुर्चीवर ताठ बसला होता. चाळिशी उलटलेला, टक्कल पडलेला, दीड महिन्यापूर्वी धाकट्याने ठेवलेला गृहस्थ. हा त्याचा इथला पहिलाच घाणा. याच्या आधीच्या केमिस्टने आंबटपणा मोजायच्या कागदाच्या पट्ट्या आणल्या होत्या, त्या मी चुलीत घातल्या होत्या. माझ्या विरजणाची परीक्षा कागदाच्या चिठोऱ्याने घ्यायची नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना ऐकवलं होतं. यालाही पहिल्या दिवशी ऐकवलं.

"मोठ्या बाई, फार वाईट झालं," तो म्हणाला. "पण अर्क जास्त आंबला की असं होतं. मी त्यात कुठे नव्हतो. बरणीला तर मी हातही लावलेला नाही."

"मग आंबला हे तुम्हाला कसं कळलं?"

"वासावरून."

"वास मलाही येतो," मी म्हटलं. खोटं बोलायची सवय अशी चटकन जात नाही. "पण डॉक्टरीण बाईंना तुम्ही सांगितलंत, तीनच्या खाली. नाकाला आकडे कळत नाहीत, केमिस्ट. आकडा कागद सांगतो. या घरात कागद नाही. तुम्ही कुठे मोजलात?"

त्याने टकलावरून हात फिरवला. मग पिशवीतून बोटभर बाटली काढली. तिच्यात अर्क होता.

रविवारी मी जेवायला गेले असताना त्याने तो बरणीतून चोरला, घरी मोजला आणि हबकला. नोकरी नवी, मी अशी. बोलला असता तर पट्ट्यांसकट चुलीत गेला असता, असं तोच म्हणाला. म्हणून किती कॉस्टिक लागेल त्याचा हिशेब घरीच केला, पाण्यात विरघळवून दुसऱ्या बाटलीत आणलं आणि काल, मंगळवारी सकाळी गुपचूप पातेल्यात ओतलं.

"आणि पोर जळल्यावर डॉक्टरांना आंबट म्हणून सांगितलंत. माझ्या अंगावर ढकललंत. त्या पायी डोळा गेला असता."

"घाबरलो, बाई. पण माझं माप चुकलं नव्हतं. बघा."

त्याने माझ्यासमोर बाटलीतला थोडा अर्क बशीत घेतला, पट्टी बुडवली, ती लाल झाली. दुसऱ्या बाटलीत उरलेल्या द्रावणाचे थेंब मोजून टाकले, पुन्हा पट्टी बुडवली. रंग बदलून मध्यावर आला. बशीतला अर्क जरासा गडद झाला, बस. गंजासारखा मुळीच नाही.

माप खरंच बरोबर होतं. त्याला मी तिथल्या तिथे रजा दिली, आणि ती द्यायलाच हवी होती, कारण चूक एक गोष्ट आणि डॉक्टरांशी खोटं दुसरी. पण तो पिशवी आवरून गेला तरी मी त्या बशीकडे बघत राहिले. एवढ्या सोड्याने अर्क नुसता ताळ्यावर येतो. मलई जाळायला आणखी तेवढाच सोडा लागतो.

म्हणजे दुसरा हात होता.

मोरीतला खर्र खर्र आवाज मघाशी थांबला होता, ते माझ्या आता लक्षात आलं.

६

सून मोरीच्या कट्ट्यावर बसली होती. वाटी मांडीवर. मी ती घेतली. ॲल्युमिनियमची, मापाची वाटी, आतून काळी ठिक्कर, तळाला बारीक खड्डे पडलेले. तासभर घासूनही काळेपणा तसूभर हलला नव्हता.

आंबटाने ॲल्युमिनियम उजळतं. सोड्याने काळं पडतं, आणि कॉस्टिकने खाल्लं जातं. हे कुठल्याही भांडी घासणाऱ्या बाईला विचारा.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं," ती म्हणाली. तिचा आवाज कुणा परक्या बाईचा वाटला. "तुमचा ताप उतरल्यापासून. तुम्ही बरणीवर वाकून 'झालं' म्हणायचात आणि अर्क नुसता व्हिनेगर असायचा. आधी रोज वाटायचं, आज सांगू. मग चाखून बघायला लागले आणि चमचा-दीड चमचा कॉस्टिक घालायला लागले. स्टीलचा डबा होता माझा मापाचा, तो गेल्या महिन्यात हरवला म्हणून या वेळी ही वाटी. सोमवारी संध्याकाळी पातेल्यातल्या अर्कात घातला. केमिस्टनेही काल घातला हे आत्ता तुमचं बोलणं कानावर आलं तेव्हा कळलं."

"नाक गेलंय हे तुला ठाऊक होतं."

"तुम्ही करपलेलं दूध पिऊन 'छान' म्हणालात, आई."

दोन माणसं. एकाला माझी चूक कळली आणि त्याने चोरून दुरुस्त केली. दुसरीला माझी चूक दोन वर्षं कळत होती आणि तिनेही चोरून दुरुस्त केली. दोघांनी एकमेकांनाही सांगितलं नाही. एकेकाचं माप बरोबर, आणि दोन बरोबर मापांनी मिळून पोरीचा डोळा जाळला.

मी तिथेच संपवलं असतं. पण एक धागा सुटेना.

"काल मलई तू घोटलीस. रंग दिसला नाही?"

तिने वाटी माझ्या हातातून परत घेऊ पाहिली.

"सूनबाई."

"दिसला," ती म्हणाली. "घोटतानाच दिसला. वाटलं, वाटीचा काळेपणा उतरला असेल. मग वाटलं, नाही, काहीतरी बिघडलंय. पण विचारायचं कुणाला? विचारलं की दोन वर्षांचं सगळं बाहेर येणार. डब्या भरल्या. पहिली तुमच्या फळीवर ठेवली. रात्रभर जीव टांगणीला होता. आज सकाळी ती उचलून फेकायला आले. तुम्ही अंघोळीला होतात. फळीवर डबी नव्हती."

मी कट्ट्यावर तिच्या शेजारी बसले.

"तुला वाटलं मी आत नेलीय."

"हो."

"दाराबाहेर तू होतीस."

"कडी वाजवायला हात उचलला होता, आई. इथपर्यंत." तिने हात वर करून दाखवला. "तुम्ही आतून 'कोण आहे' म्हणालात. त्या आवाजाने हात खाली आला. काय सांगू, कसं सांगू, तेच मनात जुळवत होते. मग भिंगरी ओरडली."

फोन वाजला. आधी धाकटा, तिसरी डबी मिळाली होती, न उघडलेली. मग डॉक्टरीण बाई. क्षार दोनदा पुन्हा बाहेर आला होता, तीनदा धुतला होता. बाई म्हणाल्या, धुणं थांबवलं असतं तर डोळा वाचला नसता. आता डोळा राहील. नजर किती राहील ते दोन महिन्यांनी सांगू. कातडीवर डाग राहणार.

सुनेने तोंडात पदर कोंबला. मी तिला रडू दिलं. जवळ घेतलं नाही. मग उभी राहिले आणि माझ्या नेहमीच्याच आवाजात, ज्याने तिचा हात खाली आला त्याच आवाजात, तिला म्हणाले:

"ऊठ, तोंड धू. भिंगरीला हे तू सांगायचंस, तुझ्या तोंडाने. मी बाहेर बाकावर बसेन, आत येणार नाही. विरजण आजपासून तुझं, कागद आण, आणि घरातल्या सगळ्यांना सांग की म्हातारीचं नाक दोन वर्षांपूर्वीच गेलं आणि ती तुम्हाला फसवत होती. माझ्याने ते सांगवणार नाही, म्हणून तू सांग. तुम्ही सगळे मला भ्यायलात, तो दोष माझा, तो मी घेतला. पण सूनबाई, तू त्या दाराशी उभी होतीस तेव्हा तुझ्या हिशेबाने आत माझं तोंड जळणार होतं. माझ्या कातडीपेक्षा माझा राग तुला मोठा वाटला. तो दोष तुझा आहे. तो मी घेणार नाही, आणि माफही करणार नाही, निदान त्या पोरीला आरशात बघता येईपर्यंत तरी नाही. चल, गाडी बोलावलीय."